मेस्काल्तितान: कोळंबीच्या पंचांगावर चालणारं गाव

प्रश्न असा आहे: मेक्सिकोतल्या एखाद्या किनारी गावाच्या संस्कृतीत कोळंबीच्या मासेमारीचं नेमकं स्थान काय? सण, जेवण, घरंदारं यांचा तिच्याशी खरंच संबंध असतो, की तो पर्यटकांना सांगण्यापुरता?

संबंध खरा आहे आणि तो तपासून बघता येतो. मात्र ‘मेक्सिकोतली गावं’ असं मोघम बोलून हाती काही लागत नाही, म्हणून एकच गाव घेतो. पॅसिफिक किनाऱ्यावर नायारीत नावाचं राज्य आहे. तिथल्या सान्तियागो इस्कुइन्त्ला भागातल्या खाजणात मेस्काल्तितान हे जवळजवळ गोल बेट आहे. लांबी सुमारे ४०० मीटर, रुंदी ३५० मीटर, वस्ती हजाराच्या आतबाहेर. ला बातांगाच्या धक्क्यावरून मोटरबोटीने पाव तासात पोचता येतं. बेटावर मोटारगाडी नाही आणि शेती करायला जमीन नाही. घरं दाटीने उभी, पायवाटा रस्त्यापेक्षा चांगल्या उंच बांधलेल्या, कारण पावसाळ्यात खाजणाचं पाणी चढलं की रस्त्यांतून होड्या चालतात. १९८६ मध्ये या गावाला ऐतिहासिक वास्तूंचा परिसर म्हणून सरकारी संरक्षण मिळालं. अझ्टेक लोक ज्या आस्त्लान नावाच्या मूळ भूमीतून निघाले असं सांगतात, ती हीच, असा दावाही गावाबद्दल केला जातो. त्याला भक्कम पुरावा नाही. गाव समजून घ्यायला त्या दाव्यापेक्षा कोळंबी कितीतरी जास्त उपयोगाची आहे.

इथली मुख्य कोळंबी पांढरी, शास्त्रीय नाव लिटोपेनियस व्हॅनामेई. आपल्या बाजारात ‘व्हॅनामेई’ म्हणून मिळते तीच. २००९ मध्ये भारतात तिच्या शेतीला परवानगी मिळाली आणि आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही ती तळ्यांत वाढवली जाते. तिचं मूळ घर मात्र मेक्सिकोतल्या सोनोरापासून पेरूच्या उत्तर टोकापर्यंतचा पॅसिफिक किनारा. आपल्याकडे जिचं बी उबवणी केंद्रातून विकत आणावं लागतं, ती मेस्काल्तितानच्या खाजणात आपण होऊन येते आणि आपण होऊन जायला निघते. गावाची सगळी मासेमारी या ‘जायला निघण्यावर’ उभी आहे.

मादी समुद्रात अंडी सोडते, एका वेळी साधारण एक ते अडीच लाख. चौदा-सोळा तासांत ती फुटतात. मग अळी कात टाकत टाकत दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगते आणि सेंटिमीटरभराच्या आतबाहेरचं पिल्लू होऊन भरतीच्या पाण्याबरोबर खाजणात शिरते. आत कांदळवन आहे, कुजलेल्या पानांचा खुराक आहे, मोठे मासे कमी आणि पाणी मचूळ. दोन ते चार महिने ती इथे झपाट्याने वाढते आणि अर्धवट मोठी झाली की रात्रीच्या ओहोटीबरोबर पुन्हा समुद्राकडे वळते. समुद्रातला ट्रॉलर कोळंबीच्या मागे जातो. खाजणातला माणूस तिच्या वाटेवर थांबतो. त्यामुळे त्याच्याजवळ इंजिनापेक्षा दोन गोष्टी पक्क्या लागतात: वेळेचं ज्ञान आणि जागेचा हक्क. गावातल्या बहुतेक प्रथा या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

थांबण्याच्या व्यवस्थेला ‘तापो’ म्हणतात. खाडीच्या अरुंद फाट्यावर आडवं कुंपण घालायचं. जुन्या पद्धतीत कांदळाचे खांब चिखलात ठोकायचे, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या आणि मधे ताडाच्या पानांच्या किंवा बारीक फांद्यांच्या चटया उभ्या लावायच्या. पाणी आरपार जातं, कोळंबी अडते. कुंपणाला लागून माणसाला उभं राहण्यापुरता माचा असतो. ओहोटी सुरू झाली की कोळंबी कुंपणापाशी गोळा होत जाते आणि माच्यावरचा माणूस फेकजाळ्याने किंवा लांब दांड्याच्या झोळीने ती उपसतो. ही पद्धत स्पॅनिश लोक येण्याआधीची आहे आणि सिनालोआच्या दक्षिण भागापासून नायारीतपर्यंतच्या सगळ्या खाजणपट्ट्यात सापडते. आता बऱ्याच ठिकाणी खांबांच्या जागी काँक्रीट आणि चटयांच्या जागी जाळीच्या चौकटी आल्या आहेत. त्यामागे कायदाही आहे: २००७ पासून मेक्सिकोत कांदळवन तोडायला जवळजवळ पूर्ण बंदी आहे.

तापो बांधणं दिसायला सोपं, पण त्यात बिघडण्यासारखं पुष्कळ असतं. सगळ्यात नेहमीचा दोष तळाशी असतो. ओहोटीचा प्रवाह चटईखालचा चिखल खरवडतो, वीतभर फट पडते आणि रात्रभराची कोळंबी त्या फटीतून निघून जाते. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून चटईचं खालचं टोक चिखलात चांगलं गाडावं लागतं आणि प्रत्येक मोठ्या ओहोटीनंतर पाण्यात उतरून पायाने चाचपावं लागतं. दुसरा दोष उलटा: चटई फार दाट विणली तर पानकचरा आणि नदीतून वाहून आलेली जलपर्णी तिच्यावर बसते, पाण्याचा दाब वाढतो आणि खांब कलतात. शिवाय दाट चटईत अगदी लहान कोळंबीही अडकून मरते, म्हणजे पुढच्या पंधरवड्याचं पीक आजच नासतं. पाणी न अडता कोळंबी अडेल इतपतच विण ठेवणं हे अनुभवाचं काम आहे आणि ते जमणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असतं.

फेकजाळं म्हणजे आपल्याकडचं पाग. तिकडे त्याला ‘आतार्राया’ म्हणतात. गोल, मधोमध दोरी, कडेला शिशाच्या गोळ्या. खाजणात पाणी कमरेपासून छातीपर्यंत, त्यामुळे अडीच ते साडेतीन मीटर त्रिज्येचं जाळं पुरतं. आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, साधारण दीड इंच. याहून बारीक आस नियमाविरुद्ध धरला जातो. दोरीचा फास मनगटात, जाळ्याचा एक भाग कोपरावर, एक काठ दातांत किंवा दुसऱ्या हातात, आणि कंबरेतून वळून फेक. जाळं पाण्यावर पूर्ण गोल पडलं पाहिजे. लांबट पडलं तर हात आणि कंबर एका वेळी सुटली नाहीत असं समजावं. शिसं कमी असेल तर जाळं सावकाश बुडतं आणि कोळंबी मागच्या मागे उडी मारून काठाखालून निसटते. शिसं जास्त झालं तर रात्रभर फेकताना खांदा भरून येतो आणि चिखलही वर येतो. कांदळाच्या मुळांजवळ फेकायचा मोह टाळावा. कोळंबी तिथे असते हे खरं, पण एक अडकलेलं जाळं तुणायला लागणारा वेळ त्या फेकीतल्या कोळंबीपेक्षा महाग पडतो.

वेळेचा हिशेब चंद्रावर चालतो. उधाण पौर्णिमेलाही असतं आणि अमावास्येलाही, पण चांदण्यात कोळंबी तळाशी दबून राहते. त्यामुळे खरी रात्र अमावास्येच्या आसपासची: ओहोटी जोराची आणि काळोख दाट. खाजणात गोडं पाणी एकदम वाढलं तरी कोळंबी निघते. मोठा पूर आला तर ती वेळेआधी, लहान असतानाच समुद्राची वाट धरते. मग जाळी भरतात, पण भाव मिळत नाही.

आता जागेचा हक्क. १९३०च्या दशकापासून मेक्सिकन सरकारने कोळंबी पकडण्याचा हक्क सहकारी संस्थांसाठी राखून ठेवला होता. तो १९९२च्या मासेमारी कायद्याने गेला. पण खाजणातल्या गावांत सहकारी संस्था आजही कणा आहे. कुठला फाटा कुणाचा, तापोवर कुठल्या रात्री कुणाची पाळी, जमलेली कोळंबी कशी वाटायची, बंदीच्या काळात पहारा कुणी करायचा, हे तिथे ठरतं. वडील सभासद म्हणून मुलगा सभासद, ही अपेक्षा आजही जबरदस्त आहे. गावातली भांडणं ऐकलीत तर त्यातली बरीचशी याच यादीतली निघतील. खालच्या संस्थेने तोंडाशी तापो घातला की वरच्यांपर्यंत पिल्लू पोचत नाही, आणि वरच्यांनी अडवलं की खालच्यांच्या वाट्याला काही उतरत नाही. मला वाटतं, या गावांची संस्कृती मिरवणुकीइतकीच या वाटणीच्या वहीतही दिसते, आणि तिकडे बाहेरचा माणूस क्वचितच बघतो.

मासेमारी बंदीला तिकडे ‘वेदा’ म्हणतात. पॅसिफिक बाजूला ती साधारण मार्चच्या उत्तरार्धात लागते. शास्त्रज्ञ समुद्रात आणि खाजणात नमुने घेऊन कोळंबीचा आकार मोजतात आणि त्यावरून कोनापेस्का हे केंद्र सरकारचं मासेमारी खातं दर वर्षी तारखा जाहीर करतं. उघडताना आधी खाजणं आणि खाड्या, साधारण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि काही दिवसांनी खोल समुद्र. हा क्रम मुद्दाम आहे. खाजणातली कोळंबी बाहेर पडून ट्रॉलरच्या हाती जाण्याआधी गावकऱ्याला तिच्यावर पहिला हात मारता यावा, यासाठी. हंगामातली मोठी कमाई पहिल्या काही आठवड्यांतच होते. उघडण्याच्या रात्री गावातली सगळी कर्ती माणसं पाण्यावर असतात. जाळी, बर्फ, डिझेल यांसाठी काढलेली उधारी याच आठवड्यांत फिटते.

बंदी मोडणारे असतातच. लहान बोटीला बारीक आसाचं ओढजाळं लावून रात्री फिरवलं की पैसे लगेच मिळतात, आणि विकत घेणारा व्यापारी तयारच असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पकडलेली कोळंबी बोटभरही नसते. तिला आणखी महिना-दीड महिना दिला तर वजन काही पटींनी वाढतं. हे सगळ्यांना माहीत आहे. पण ऑगस्टमध्ये घरात पैसा संपलेला असतो, हेही तितकंच खरं. म्हणून नुसत्या पहाऱ्याने हा प्रश्न सुटत नाही.

बंदीच्या मधोमध गावाचा सगळ्यात मोठा सण येतो: २९ जून, संत पेद्रो आणि संत पाब्लो (पीटर आणि पॉल) यांचा दिवस. आपल्याकडे नारळी पौर्णिमा पावसाळी बंदीच्या शेवटाला येते. इथला सण मात्र पिल्लं खाजणात वाढत असताना आणि पाऊस सुरू होत असताना पडतो. दोन्ही संतांच्या मूर्ती सजवलेल्या होड्यांत बसवतात, धर्मगुरू बरोबर असतो, होड्या पाण्यात निघतात आणि येणाऱ्या हंगामासाठी खाजणाच्या पाण्याला आशीर्वाद दिला जातो. मग एक होडी पेद्रोची आणि एक पाब्लोची अशी शर्यत लागते. पेद्रो स्वतः मासेमार होता, त्यामुळे तो जिंकला तर कोळंबी चांगली येते अशी गावाची श्रद्धा. ही वेळ मला फार अर्थपूर्ण वाटते. जूनच्या शेवटी माणसाच्या हातात काहीच नसतं. नदीला पाणी किती येईल, भरतीबरोबर पिल्लं किती शिरली, हे सप्टेंबरपर्यंत कळणार नसतं. करण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे थांबणं, आणि गाव ती सगळं मिळून करतं. परगावी कामाला गेलेली माणसंही या दिवसासाठी परततात.

पकडलेल्या कोळंबीचं काय होतं, यात गावातल्या बायकांचं काम सर्वांत जास्त आहे आणि त्याची नोंद सर्वांत कमी होते. बर्फ आणि वीज दुर्मीळ होती तेव्हा वाळवणं हाच एक उपाय होता आणि आजही सुकी कोळंबी ही या पट्ट्याची ओळख आहे. आपले सोडे आणि ही सुकी कोळंबी यांत मोठा फरक आहे. सोडे कच्चे सोलून वाळवतात. इथे कोळंबी डोक्या-सालासकट खारट पाण्यात आधी उकळतात. पाणी खळखळून उकळल्यावर कोळंबी टाकायची, पुन्हा उकळी आल्यावर चार-पाच मिनिटांत ती लाल होते. तेव्हाच काढून निथळायची. जास्त उकळली तर साल मांसाला चिकटतं आणि पुढे सोलताना तुकडे होतात. मग चटईवर किंवा घरासमोरच्या त्या उंच पायवाटेवर एका थरात पसरायची. हंगामात गावातल्या पायवाटा नारिंगी दिसतात त्या यामुळे. कडक उन्हात दोन दिवस, मधे मधे फावड्याने किंवा हाताने उलथायची, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची. साधारण तीन ते चार किलो ताज्या कोळंबीची एक किलो सुकी होते.

बिघाड कुठे होतो? पकडल्यापासून उकळीपर्यंत वेळ गेला की डोकं काळं पडतं आणि तो काळेपणा वाळल्यावरही जात नाही. अर्धवट वाळलेली कोळंबी पोत्यात भरली तर दोन दिवसांत अमोनियाचा उग्र वास येतो. सगळ्यात अवघड महिना सप्टेंबरच, कारण कोळंबी भरपूर आणि पाऊस अजून गेलेला नाही. त्या वेळी मीठ वाढवून वेळ मारून नेतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीची सुकी कोळंबी बहुतेकदा जास्त खारट असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा माल चवीला चांगला.

हा माल जातो कुठे, तेही पंचांगाशी जुळलेलं आहे. मध्य मेक्सिकोत नाताळला आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत रोमेरितोस नावाची पालेभाजी मोले या मिरची-मसाल्याच्या दाट रश्शात शिजवतात, आणि तिच्यात सुक्या कोळंबीच्या भुकटीच्या टिकिया असाव्याच लागतात. उपवासात मांस वर्ज्य, कोळंबी चालते. म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये वाळवलेली कोळंबी डिसेंबर ते मार्चमध्ये खपते, आणि उपवास संपायच्या सुमाराला बंदी लागते. ज्याच्याकडे साठवण्याची ताकद आहे तो फेब्रुवारीत विकतो आणि भाव घेतो. ज्याला उधारी फेडायची आहे तो ऑक्टोबरमध्येच व्यापाऱ्याला देऊन टाकतो.

गावाचा स्वतःचा पदार्थ तास्तिविल. मक्याच्या भिजवलेल्या पिठाने दाट केलेला कोळंबीचा तिखट रस्सा. नाव आणि पद्धत दोन्ही जुनी, स्थानिक. चार जणांसाठी अंदाज असा: सुकी कोळंबी १०० ग्रॅम, ताजी सोललेली कोळंबी ४०० ग्रॅम, मक्याचं ओलं पीठ १५० ग्रॅम, ग्वाहियो जातीच्या सुक्या मिरच्या चार-पाच, लसूण तीन पाकळ्या, थोडं जिरं, ओरेगानो, मिरी आणि दीड लिटर पाणी. सुकी कोळंबी आधी मंद आचेवर कोरडी भाजून दहा मिनिटं पाण्यात उकळायची, तेच पाणी रश्शाचा पाया. मिरच्या बिया काढून हलक्या भाजून भिजवायच्या आणि लसूण-मसाल्यासह वाटून गाळून घ्यायच्या. वाटण तेलात परतून त्यावर कोळंबीचं पाणी ओतायचं. मक्याचं पीठ गार पाण्यात पूर्ण विरघळवून बारीक धारेने सोडायचं आणि तळ लागू न देता पंधरा-वीस मिनिटं ढवळत राहायचं. ताजी कोळंबी शेवटच्या तीन मिनिटांत. दोन चुका नेहमी होतात. पीठ थेट गरम रश्शात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या पुढे मोडत नाहीत. दुसरी, मीठ आधी घातलं की संपलंच, कारण सुक्या कोळंबीचं मीठ उकळताना उतरत जातं. चाखून, अगदी शेवटी घालावं. मिरची करपली तर मात्र ती टाकून पुन्हा सुरुवात करावी, त्या कडवटपणाला इलाज नाही. महाराष्ट्रात हे करायचं असेल तर ग्वाहियोऐवजी ब्याडगी चालते. सोडे वापरलेत तर पाण्याला चव थोडी कमी येईल, कारण इथला बराचसा स्वाद डोक्यात आणि सालात असतो.

याशिवाय कोळंबीचे गोळे, करंजीसारख्या एम्पानादा, आणि शेजारच्या सिनालोआतल्या एस्कुइनापाचे ‘दाढीवाले’ तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, ज्यांत अख्खी कोळंबी मिशांसकट पिठातून बाहेर डोकावते.

हे सगळं पाण्याच्या समतोलावर उभं आहे, आणि तो समतोल बिघडत चालला आहे. पिल्लाला ना पूर्ण खारं पाणी हवं, ना पूर्ण गोडं. समुद्राचं मीठ आणि सान पेद्रो मेस्कितालसारख्या नद्यांचं पाणी मिळून ते जमतं. मेस्काल्तितानच्या उत्तरेला आग्वा ब्रावा खाजणात १९७०च्या दशकात कुआउत्ला नावाचा कालवा समुद्रापर्यंत खोदला. हेतू चांगला होता: पिल्लं जास्त शिरतील, कोळंबी वाढेल. कालवा खोदला तेव्हा शंभर मीटरही रुंद नव्हता. भरती-ओहोटीने काठ खात खात तो आज किलोमीटरहून रुंद झाला आहे. खारं पाणी आतपर्यंत घुसलं आणि हजारो हेक्टर कांदळवन उभं वाळलं. दक्षिणेला सान्तियागो नदीवर आग्वामिल्पा (१९९४) आणि त्यानंतरची धरणं झाली, गाळ अडला. सान पेद्रोवर लास क्रूसेस धरणाचा प्रस्ताव आला तेव्हा डोंगरातले कोरा आणि विचोल लोक आणि खालचे मासेमार एकत्र विरोधाला उभे राहिले. डोंगरातल्यांची तीर्थस्थानं आणि खाजणातल्यांची कोळंबी एकाच पाण्यावर होती. २०१० मध्ये या खाजणांना जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि २०१४ मध्ये सान पेद्रोचं पाणी निसर्गासाठी राखून ठेवण्याचा सरकारी आदेश निघाला. कागद भक्कम आहेत. पण त्यांच्यामुळे कुआउत्लाचा कालवा अरुंद झालेला नाही.

कोळंबी शेतीचा परिणामही गुंतागुंतीचा आहे. तळ्यांनी कामं दिली, पण सुरुवातीच्या काळात बी म्हणून खाजणातलीच पिल्लं उचलली. पुढे १९९९-२००० च्या सुमाराला पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आणि २०१३ मध्ये लवकर मरतुकीचा जिवाणूरोग आला. तळ्यातलं सांडपाणी खाजणात सोडलं जातं, म्हणून तळ्यातला रोग हा तापोवाल्याच्याही काळजीचा विषय आहे.

तिकडे जायचा विचार असेल तर आधी ठरवा काय बघायचं आहे. होड्यांची शर्यत बघायची तर २९ जून, पण तेव्हा बंदी असते. ताजी खाजणाची कोळंबी म्हणून जे समोर येईल ते एकतर तळ्यातलं, नाहीतर बर्फातलं, नाहीतर चोरटं. तापोवरचं काम आणि पायवाटांवरचं वाळवण बघायचं तर सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत, अमावास्येच्या आसपास. सुकी कोळंबी घेताना मूठभर हातात घेऊन हलवा: खडखडली पाहिजे. अख्खी, शेपूट आत वळलेली, डोकं नारिंगी, अंगावर मिठाची पांढरी पूड नको. एखादी तोडून बघा, मधोमध ओलसर आणि मऊ लागली तर घेऊ नका, ती घरी पोचेपर्यंत टिकणार नाही.